आउटपुट गेलं कुठे? : बॅच जॉब, सिसप्रिंट आणि २७ जुलैची सकाळ

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. जेसीएलच्या ओळी ऐकताना कळत नाहीत अशी तक्रार होती, म्हणून त्या इथे वेगळ्या लिहिल्या आहेत.)



मागच्या भागानंतर बोरिवलीहून एका श्रोत्याचा मेसेज आला. सहा महिन्यांपूर्वी मेनफ्रेमच्या प्रोजेक्टवर लागलाय. लिहितो, "ताई, जॉब चालतो, रिटर्न कोड झिरो येतो, पण माझ्या डिस्प्लेच्या ओळी मला कुठेच दिसत नाहीत. सीनियरना विचारलं तर म्हणतात, सिसआउट बघ. मी सिसआउट बघतोय, पण नक्की कुठला सिसआउट?"

हा "नक्की कुठला सिसआउट" प्रश्न एकदम बरोबर आहे. आज त्यावरच बोलू. बॅच जॉबमधला प्रोग्रॅम किंवा युटिलिटी जे काही छापते ते जातं कुठे, कोण पाठवतं, आणि आपल्याला हवं तिथे ते कसं वळवायचं. शेवटी माझी एक गोष्ट सांगेन. ती ऐकल्यावर कळेल की हा विषय मी इतक्या पोटतिडकीने का बोलतेय.

एकच नाव, दोन माणसं

पहिला गोंधळ नावाचा आहे. ही ओळ बघा:

//सिसआउट डीडी सिसआउट=*

यात सिसआउट दोनदा आलाय, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. डावीकडचा सिसआउट हे डीडीचं नाव. प्रोग्रॅम आत या नावाने हाक मारतो. उजवीकडचा सिसआउट हा पॅरामीटर. तो सिस्टिमला सांगतो की हे डिस्कवरच्या फाईलमध्ये नको, स्पूलवर टाक. म्हणजे डावीकडे "कोण बोलतंय" आणि उजवीकडे "कुठे पाठवायचं". डावीकडचं नाव प्रोग्रॅम ठरवतो, उजवीकडची बाजू तुम्ही ठरवता. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मा विषय संपला.

आता कोण कुठल्या नावाने बोलतं ते पाहू. वहीत लिहून ठेवा.

आयडीकॅम्स, आयईबीजेनर, आयईबीकॉपी, शिवाय कंपायलर, ही सगळी मंडळी सिसप्रिंट या नावाने बोलतात. डीएफसॉर्ट मात्र आपले मेसेज सिसआउट नावाच्या डीडीवर लिहितो. कोबॉलचा डिस्प्लेसुद्धा, कंपाइल करताना वेगळं सांगितलं नसेल तर, सिसआउट नावाच्या डीडीवरच जातो. आइसटूल वापरत असाल तर त्याचे स्वतःचे मेसेज टूलमेसेजवर आणि आतल्या सॉर्टचे डीएफएसमेसेजवर. डीबीटूचा प्रोग्रॅम टीएसओच्या बॅच प्रोग्रॅममधून चालवता, तेव्हा डीएसएन कमांडचं बोलणं सिसटीएसपीआरटीवर येतं आणि क्वेरीचा निकाल सिसप्रिंटवर. अबेंड झाला तर डंप सिसयूडंपवर किंवा सीईईडंपवर.

म्हणजे आपल्या बोरिवलीच्या मित्राने सिसप्रिंट उघडून डिस्प्लेच्या ओळी शोधल्या तर त्या मिळणारच नाहीत. सिसआउट नावाच्या डीडीखाली बघायला हवं.

इथे एक खाचखळगा आहे. कोबॉल प्रोग्रॅमच्या आतच सॉर्ट स्टेटमेंट असेल, तर सॉर्टचे मेसेज आणि तुमचे डिस्प्ले दोन्ही सिसआउटवरच येतात आणि एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय आहे. कोबॉलमध्ये सॉर्ट-मेसेज नावाचं स्पेशल रजिस्टर आहे. त्यात दुसऱ्या डीडीचं नाव मूव्ह करा, सॉर्टचे मेसेज तिकडे जातील. त्या नावाची डीडी जेसीएलमध्ये द्यायला मात्र विसरू नका.

वॉचमनची केबिन

आता उजवी बाजू, म्हणजे "कुठे पाठवायचं".

मी मुलुंडला राहते. आमच्या सोसायटीत गेटवर वॉचमनची केबिन आहे. कुरिअर आलं, लाइटबिल आलं, बँकेचं पत्र आलं, सगळं आधी तिथे उतरतं. मग कुणाचं वर पोचवायचं, कुणाचं कुणी येऊन नेईपर्यंत ठेवायचं, कुणाचं परत पाठवायचं, हे तिथे ठरतं. मेनफ्रेमवर ही केबिन म्हणजे स्पूल, आणि वॉचमन म्हणजे जेस. बहुतेक ठिकाणी जेस-टू. तुमचा प्रोग्रॅम थेट प्रिंटरशी कधीच बोलत नाही. तो पुडकं केबिनमध्ये ठेवून मोकळा होतो. म्हणूनच शंभर जॉब एका वेळी "छापू" शकतात आणि कुणालाही प्रिंटरसाठी थांबावं लागत नाही.

पुडक्यावर एक अक्षर किंवा आकडा लिहिलेला असतो. तो आउटपुट क्लास. ए म्हणजे छापायचं, एक्स म्हणजे धरून ठेवायचं, असं बऱ्याच शॉपमध्ये असतं. पण हा नियम आयबीएमने आखून दिलेला नाही. तुमच्या सिस्टिम प्रोग्रॅमरने जेसच्या पॅरामीटरमध्ये ठरवलेला असतो. त्यामुळे नव्या क्लायंटकडे गेलात की पहिल्या दिवशी विचारा, "तुमच्याकडे धरून ठेवायचा क्लास कोणता?" जुन्या प्रोजेक्टची सवय नव्या ठिकाणी नेऊ नका. एका मित्राने टेस्ट जॉबचं आउटपुट सवयीने ए क्लासला टाकलं होतं. तिकडे परदेशात कुणाच्या तरी प्रिंटरवर कागदांचा ढीग लागला, आणि इकडे हा एसडीएसएफमध्ये शोधत बसला. छापून झालं की ते पुडकं स्पूलवरून जातं. मग काय सापडणार!

मग स्टार म्हणजे काय? सिसआउट=* याचा अर्थ, जॉब कार्डवर जो मेसेज क्लास दिलाय तोच क्लास मलाही दे. जॉबचा स्वतःचा लॉग, जेसीएलची यादी, अलोकेशनचे मेसेज हे सगळं मेसेज क्लासला जातं. स्टार दिलंत की तुमचं आउटपुटही त्यांच्यासोबत एकाच गठ्ठ्यात राहतं. शोधायला सोपं. आणि जॉब कार्डवर एकच अक्षर बदललं की सगळं एकदम वळतं. म्हणून माझा सल्ला, खास कारण नसेल तर स्टारच द्या.

एसडीएसएफमध्ये एसटी किंवा एच पॅनेलवर जॉबसमोर प्रश्नचिन्ह टाका. मग प्रत्येक डीडीचं पुडकं स्टेपसकट वेगळं दिसेल. एस टाकून सगळं एका दमात वाचत बसण्यापेक्षा हे बरं. एखादं पुडकं जपून ठेवायचं असेल तर त्याच्यासमोर एक्सडीसी टाकून डेटासेटमध्ये उतरवता येतं.

एक रिपोर्ट, दोन ठिकाणी

कधी एकच रिपोर्ट छापायलाही हवा आणि ऑनलाइन बघायलाही हवा. त्यासाठी काही लोक प्रोग्रॅममध्ये दोनदा राइट करतात. नको. आउटपुट नावाचं स्टेटमेंट आहे, त्याचा वापर करा:

//छापा आउटपुट क्लास=ए,कॉपीज=२
//ठेवा आउटपुट क्लास=एक्स
//रिपोर्ट डीडी सिसआउट=(,),आउटपुट=(*.छापा,*.ठेवा)

(खऱ्या जेसीएलमध्ये नावं इंग्रजीतच लागतात, हे वेगळं सांगायला नको.)

यात सिसआउटपुढच्या कंसात नुसता स्वल्पविराम आहे, तो मुद्दाम. डीडीवर क्लास लिहिलात तर तो आउटपुट स्टेटमेंटवरच्या क्लासला दाबून टाकतो. मग दोन्ही प्रती एकाच क्लासला जातात आणि आपण डोकं खाजवत बसतो. क्लास रिकामा सोडला तरच आउटपुट स्टेटमेंटचा क्लास लागू होतो.

अजून दोन गोष्टी. साधारणपणे सिसआउटचं पुडकं छपाईसाठी मोकळं होतं ते पूर्ण जॉब संपल्यावर. पाच तासांच्या जॉबमध्ये पहिल्याच स्टेपचा रिपोर्ट कुणाला तातडीने छापून हवा असेल, तर त्या डीडीवर फ्री=क्लोज द्या. प्रोग्रॅमने फाईल बंद केली की पुडकं निघालं. दुसरं, आउटलिम. लूपमध्ये अडकलेला एक डिस्प्ले अख्खं स्पूल भरू शकतो. केबिन भरली की एकट्या तुमचं कुरिअर अडत नाही, अख्ख्या सोसायटीचं अडतं. आउटलिमने ओळींवर मर्यादा घाला. ओलांडली तर जॉब ७२२ने अबेंड होईल. होऊ दे. तुमचा एक जॉब पडलेला परवडतो.

डेटासेटमध्ये ठेवायचं असेल तर

स्पूल ही कायमची जागा नाही. काही दिवसांनी तिथलं साफ होतं. ज्या आउटपुटची पुढे गरज पडेल, ते डेटासेटमध्ये लिहा. शक्यतो जीडीजीमध्ये, म्हणजे रोजची वेगळी प्रत राहते.

पण डिस्प बघा. बहुतेक जण हात बसलाय म्हणून न्यू, कॅटलॉग, डिलीट असं लिहितात. तिसरी जागा अबेंडसाठी असते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर लॉग ठेव, आणि स्टेप पडली तर लॉग पुसून टाक! अहो, पडल्यावरच तर तो हवा असतो. डेटा फाईलसाठी डिलीट ठीक आहे, कारण अर्धवट फाईल घातक. मेसेजच्या फाईलसाठी तिथेही कॅटलॉगच लिहा.

रेकॉर्ड लेंथ स्वतःच्या मनाने ठोकू नका. आयईबीजेनरचा सिसप्रिंट १२१चा असतो, आयडीकॅम्सचा व्हेरिएबल, १२५चा. बहुतेक युटिलिटी आपलं आपण ठरवतात. त्यांना ठरवू द्या.

आणि रिपोर्ट फाईल १३३ची का असते? आयबीएमचा १४०३ नावाचा प्रिंटर १९५९ साली आला. त्याच्या एका ओळीत १३२ अक्षरं बसायची. पुढचं एक अक्षर प्रिंटरला हुकूम देण्यासाठी. तिथे १ असेल तर नवं पान, रिकामं असेल तर पुढची ओळ, शून्य असेल तर एक ओळ सोडून, वजाचं चिन्ह असेल तर दोन ओळी सोडून, अधिकचं चिन्ह असेल तर त्याच ओळीवर पुन्हा. ते प्रिंटर गेले, सवय राहिली. रिपोर्ट एफटीपीने उतरवून एक्सेलमध्ये उघडलात आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीला उगाच १ दिसला, तर घाबरू नका. तो आकड्याचा भाग नाही. पण बेरीज करण्याआधी तो कॉलम काढून टाका, एवढं मात्र नक्की.

आता ती गोष्ट

२६ जुलै २००५, मंगळवार. मुंबईकरांना पुढचं सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या भागातल्या एका कंपनीत होते. सीप्झ १९७३ सालचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी काढलेलं, पण पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ते भरून टाकलं. वायटूकेच्या काळात तर तिथल्या कितीतरी मजल्यांवर दिवसरात्र कोबॉल आणि जेसीएलच चालायचं. आमच्याकडे अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विमा कंपनीचं बॅच सपोर्टचं काम होतं.

संध्याकाळी लोकल बंद. रस्त्यावर कमरेएवढं पाणी. मोबाइल लागेनात. आम्ही सात-आठ जण ऑफिसातच अडकलो. कँटीनवाल्याने असतील तेवढे पाव आणि चहा दिला. रात्र खुर्चीत काढली. आई मुलुंडला काळजीत, आणि मला तिला कळवता येईना.

सकाळी साडेआठ, म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. बॅच सुरू होण्याची वेळ. सकाळची शिफ्ट येणार कुठून? हे काम पाहणारे आमचे लीड, ज्यांनी तो जॉब लिहिला होता, ते आदल्या दिवशी दुपारीच निघाले होते. कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये कुठेतरी अडकले असावेत, एवढाच अंदाज. फोन नाही, काही नाही. बाहेरची लिंक मात्र सुदैवाने चालू होती. बॅचपाशी उरलो मी आणि दोन वर्षांचा अनुभव असलेला एक मुलगा.

जॉब तीन स्टेपचा. आधी सॉर्ट. मग आयडीकॅम्सने जुनी केएसडीएस डिलीट, नवी डिफाइन, आणि रिप्रोने भरायची. मग कोबॉल प्रोग्रॅम ती वाचून हप्त्याच्या नोटिसा काढतो. तिन्ही स्टेपला रिटर्न कोड झिरो. सगळं हिरवंगार. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, झालं." मी सवयीने आकडे बघितले. सॉर्टच्या सिसआउटमध्ये आत एक लाख सहा हजार, बाहेर तेवढेच. कोबॉलच्या डिस्प्लेमध्ये वाचलेले रेकॉर्ड साडेचौदा हजार.

नव्वद हजारांवर पॉलिसी गेल्या कुठे?

तीन स्टेप, म्हणजे तीन साक्षीदार. पहिला आणि तिसरा बोलत होते. मधल्याचा सिसप्रिंट उघडायला गेलो, तर पुडकंच नाही. जेसीएलमध्ये लिहिलेलं, सिसप्रिंट डीडी डमी. रोज तीच तीच पानं कोण बघणार, म्हणून कुणीतरी कधीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं.

मग आम्ही काय केलं? आधी क्लायंटच्या ऑन-कॉल माणसाला मेल टाकून नोटिसांची फाईल पुढे जाण्यापासून थांबवली. हे पहिलं काम, कारण शोध नंतरही घेता येतो. मग जॉबची प्रत काढली, टेस्टचं क्लस्टर दिलं, डमीच्या जागी सिसआउट=* केलं आणि चालवलं. दोन मिनिटांत उत्तर समोर. डुप्लिकेट रेकॉर्ड, डुप्लिकेट रेकॉर्ड, असं चार वेळा, आणि मग रिप्रोने काम सोडलं. त्याची चुकांची ठरलेली मर्यादा चारच असते, वेगळी सांगितली नसेल तर. वरच्या सिस्टिमने त्या दिवशी एका विभागाची फाईल दोनदा जोडली होती. की-च्या क्रमाने तो विभाग सुरू झाला, लागोपाठ चार डुप्लिकेट आले, आणि पुढचं सगळं राहिलं.

मग रिटर्न कोड झिरो कसा? कंट्रोल कार्डात सर्वांत खाली लिहिलेलं, सेट मॅक्ससीसी = ०. डिलीट करताना क्लस्टर नसेल तर ८ येतो, तो झाकण्यासाठी ही ओळ घालतात. ती डिलीटच्या लगेच खाली हवी, आणि तीही ८ असेल तरच. इथे ती शेवटी होती. त्यामुळे रिप्रोचा १२सुद्धा तिने पुसला. एका हाताने साक्षीदाराचं तोंड बांधलं होतं आणि दुसऱ्या हाताने रिपोर्टवर "सगळं ठीक" असा शिक्का मारला होता.

तिकडच्या माणसाने दुरुस्त फाईल दिली, जॉब पुन्हा चालला, आकडे जुळले. दुपारी पाणी थोडं उतरल्यावर मी चालत निघाले. लीड दुसऱ्या दिवशी भेटले. रात्रभर एका बसमध्ये होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डमी मीच केला होता गं. स्पूल भरतं म्हणून ओरड होती." त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या डोक्यात तो जॉब पक्का होता. त्यांना सिसप्रिंटची गरज नव्हती. गरज होती ती त्या सकाळी त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला.

मी त्यातून एवढंच शिकले. आउटपुट आपण आपल्यासाठी ठेवत नाही, आपण जागेवर नसताना जो असेल त्याच्यासाठी ठेवतो. स्पूल भरतंय? क्लास बदला, डेटासेटमध्ये वळवा, आउटलिम लावा, साफसफाई रोज करा. पण युटिलिटीचं तोंड बंद करू नका.

जाता जाता

उद्या ऑफिसला गेलात की एक काम करा. तुमच्या प्रॉडक्शनच्या जेसीएल लायब्ररीत दोन गोष्टी शोधा. एक, सिसप्रिंट किंवा सिसआउट नावाच्या डीडीसमोर डमी कुठे कुठे आहे. दोन, सेट मॅक्ससीसी = ० कुठल्या ओळीवर आहे. दहा मिनिटांचं काम. काही सापडलं तर कुणाला दोष न देता चेंज रिक्वेस्ट टाका.

आणि बोरिवलीच्या मित्रा, तुझं उत्तर: जॉबसमोर प्रश्नचिन्ह टाक, तुझ्या स्टेपची सिसआउट नावाची डीडी शोध. ती दिसली नाही तर प्रोक उघड. तिथे सिसआउट डमी केलेला असेल, किंवा वेगळ्याच क्लासला पाठवलेला असेल. प्रोकला हात लावायची गरज नाही. आपल्या जॉबमध्ये स्टेपचं नाव, टिंब, सिसआउट असं लिहून वरून ओव्हरराइड दे:

//स्टेप०३.सिसआउट डीडी सिसआउट=*

सापडलं की कळव. नाही सापडलं तरी कळव.

पुढच्या भागात कंडिशन कोडवर बोलू, कारण कॉन्ड पॅरामीटर उलटा वाचायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे, मलाही होती. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.